'थाई धरून' मराठी

विंडोज एक्सपीवर मराठी बसवायची तर ज्या चौकोनात बरोबरची खूण करावी लागायची, त्या चौकोनापुढे मराठीचं नाव कुठेच नव्हतं. तिथे इंग्रजीत जे लिहिलेलं असायचं त्याचं मराठी साधारण असं होईल: 'गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा यांच्या फायली बसवा (थाई धरून)'. आता मला सांगा, अंबाजोगाईत बसलेल्या एखाद्या निवृत्त मास्तरांनी हे वाचून 'हां, ही माझी मराठी' असं ओळखायचं कसं?

तुमच्यापैकी ज्यांनी २००५-०६ च्या आसपास मराठीत लिहायला सुरुवात केली त्यांना हा चौकोन चांगलाच आठवत असेल. तेव्हा आपल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पानावर कडेला एक ओळ असायची, 'मराठी नीट दिसत नसेल तर इथे टिचकी मारा'. नव्या मंडळींना मात्र यातलं काहीच माहीत नसणार. फोन घेतला, भाषा निवडली, लिहायला लागले. छानच आहे ते. पण मराठी कॉम्प्युटरमध्ये आली कशी आणि प्रत्येक वेळी ती बसवताना कुणाची किती दमछाक झाली, हे आपणच लिहून ठेवायला हवं. आमच्या घरात तर या बसवाबसवीत एक अख्खी वही हरवता हरवता वाचली. म्हणून हा प्रपंच.

आधी त्या चौकोनाविषयी. कंट्रोल पॅनेल उघडायचं, त्यात 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स', त्यात 'लँग्वेजेस' नावाचं पान, आणि त्या पानाच्या तळाशी दोन चौकोन. पहिला हा असा थाईवाला. दुसरा पूर्व आशियाई भाषांचा, म्हणजे चिनी, जपानी, कोरियन यांचा. आपल्याला पहिला हवा. पण हे आधी माहीत असेल तरच. नाहीतर 'आपण आशियातले' म्हणून भलेभले दुसऱ्यावर खूण करायचे आणि २३० एमबी जागा चिनी-जपानीला देऊन बसायचे. मराठी होती तिथेच.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते आणि मामा अंबाजोगाईला. आमचा हा सगळा कार्यक्रम फोनवर चालायचा. इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं, त्यामुळे फोनवर बोलायचं तर आधी नेट बंद करायचं.

"मामा, खाली दोन चौकोन दिसतायत का?"

"दिसतायत. पहिल्यात उजवीकडून डावीकडे असं काहीतरी आहे. ते उर्दूचं असणार. दुसऱ्यात ईस्ट एशियन. एशियन आहोत आपण, पण ईस्ट कुठले?"

"पहिल्यावर टिचकी मारा."

"अगं बाई, तो थाई म्हणतोय."

"म्हणू द्या मामा. मारा तुम्ही."

मारली. तर लगेच एक नवी खिडकी. तुम्ही अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, हिब्रू, इंडिक, थाई आणि व्हिएतनामी भाषांच्या फायली निवडल्या आहेत, त्यांना १० एमबी किंवा जास्त जागा लागेल, अशा अर्थाची. मामांनी एकेक नाव खणखणीत आवाजात वाचून दाखवलं आणि विचारलं, "यात मराठी कुठाय?"

"इंडिकमध्ये."

"मग हे खूण करायच्या आधी सांगायला काय झालं होतं त्याला?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. ज्याला ते नाव हवं होतं त्याला ते खूण केल्यावरच दिसायचं.

मामांना उर्दूचा संशय यावा हेही बरोबरच होतं. आमचं गाव निजामाच्या राज्यात मोमिनाबाद. मामांची वरच्या वर्गांची सुरुवात उर्दूतून झालेली. घरात मराठी, शाळेत उर्दू, आजोबांच्या जुन्या कागदांत मोडी. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि मग शाळेची भाषा बदलली. स्वामी रामानंद तीर्थ त्याआधी काही वर्षं याच गावात शिक्षक होते, त्यामुळे भाषेचा प्रश्न हा आमच्याकडे नुसता शाळेचा कधीच नव्हता. मी मामांना सांगितलं की तुमची शंका बरोबर आहे, या एकाच खुणेनं मराठीही येते आणि उर्दूही येते. ते खूश होऊन म्हणाले, "म्हणजे सगळं मोमिनाबाद एका खणात!"

पण खूण केली म्हणजे काम झालं असं नाही. पुढे तो सीडी मागायचा. मूळ विंडोजची सीडी. आता गावाकडचे कॉम्प्युटर बहुतेक असेंबल केलेले. दुकानदारानं विंडोज घालून दिलेलं असायचं, सीडी हातात द्यायची पद्धतच नव्हती. मग 'फाइल सापडत नाही' म्हणून तो अडून बसायचा. यावर इलाज म्हणजे सीडीतलं 'आय३८६' नावाचं फोल्डर मिळवायचं, ते हार्डडिस्कवर ठेवायचं आणि तो सीडी मागायला लागला की त्याला तिकडचा पत्ता द्यायचा. मामेभाऊ सुट्टीला गावी निघाला तेव्हा माझ्याकडची सीडी त्याच्याबरोबर एसटीनं रवाना झाली. अंबाजोगाईला रेल्वे नाही, जे काही जायचं ते एसटीनंच. सीडी पोचली, तर भारनियमन. परळीचं वीज केंद्र पंचवीसेक किलोमीटरवर, आणि आमच्याकडे दिवसातून कित्येक तास अंधार. फायली निम्म्या उतरल्या आणि वीज गेली, असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा जमलं. मशीन बंद करून चालू केलं, कळफलकांच्या यादीत मराठी जोडली, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात 'ईएन'च्या जागी 'एमआर' दिसायला लागलं. मामांनी पहिलं वाक्य काय लिहावं? 'वीज आली.' :)

त्याआधी माझं लिखाण त्यांना कसं दिसायचं ते ऐका. मशीनमध्ये देवनागरीचा फाँटच नसेल तर ओळीच्या ओळी रिकाम्या चौकोनांच्या. फाँट कुठून तरी आलेला असेल, पण अक्षरं जुळवणारा भाग चालू नसेल, तर वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर, आणि जोडाक्षरं फुटून प्रत्येकाचा पाय मोडलेला. मामांनी मला एकदा गंभीरपणे विचारलं होतं, "काय गं बाई, पुण्याला जाऊन वेलांट्या चुकायला लागल्या का?" वेलांट्या माझ्याकडे बरोबर होत्या. त्यांच्याकडे पोचून त्या बिघडत होत्या.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. 'कि' लिहिताना आपण आधी वेलांटी काढतो आणि मग 'क'. उच्चारात मात्र 'क' आधी, 'इ' नंतर. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवली जातात. म्हणजे पोटात 'क' आणि मग वेलांटी, आणि पडद्यावर दाखवताना कुणीतरी ती वेलांटी उचलून अलीकडे ठेवायची. 'सूर्य' मध्ये रफार पोटात 'य' च्या आधी, पडद्यावर 'य' च्या डोक्यावर. ही उचलाउचल करणारा विंडोजमधला भाग म्हणजे युनिस्क्राइब. इंग्रजीला याची गरजच नाही, एकापुढे एक अक्षर ठेवत गेलं की झालं. म्हणून आपली लिपी 'गुंतागुंतीची'. आपल्याला ती कधी गुंतागुंतीची वाटली नव्हती. पहिलीतलं पोर लिहितं ती.

आणखी गंमत पाहा. त्या १० एमबीबरोबर जो देवनागरी फाँट यायचा तो 'मंगल'. तो रेखला र. कृ. जोशी यांनी. मराठी माणूस, मोठे सुलेखनकार, स्वतः कवी. म्हणजे आतली अक्षरं मराठी हातानं काढलेली आणि बाहेरच्या चिठ्ठीवर थाई. ज्याला मराठी लिहायचीय तो इंग्रजी विंडोज वापरत असेल ही शक्यता चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलीच नसावी.

बरं, मराठी कॉम्प्युटरवर एक्सपीमुळे आली असं मुळीच नाही. ती कितीतरी आधी आली होती, आणि चक्क एका कार्डाच्या रूपानं. आयआयटी कानपूरला मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' नावाचं तंत्र तयार केलं. पुण्यात १९८८ साली सी-डॅक सुरू झालं आणि ते काम तिथे आलं. डॉसच्या काळात कॉम्प्युटरचं झाकण उघडून जिस्टचं कार्ड आत खोचलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. कळफलकाचा इन्स्क्रिप्ट आराखडा १९८६ चा. अक्षरांना क्रमांक देणारं 'इस्की' हे मानक १९८८ चं, ते १९९१ साली भारतीय मानक म्हणून पक्कं झालं. त्याच वर्षी जगासाठी युनिकोड आलं आणि त्यातला देवनागरीचा भाग १९८८ च्या इस्कीवरूनच बेतलेला होता. म्हणजे पाया इथलाच.

पण गावोगावी जे पोचलं ते यातलं काहीच नव्हतं. गावात पोचलं डीटीपी. नव्वदच्या दशकात लग्नपत्रिका, हॅंडबिलं, शाळेची स्नेहसंमेलनाची स्मरणिका, सगळं डीटीपी सेंटरवर. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएम ही नावं तेव्हा टायपिंग करणाऱ्या पोरांच्या तोंडी असायची. यांची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचे. एक काना, एक अर्धा 'त', एक रफार, प्रत्येकाला एकेक घर. घरं एकूण २५६ आणि त्यातलीही सगळी वापरता येत नाहीत. त्यात मराठीची सगळी जोडाक्षरं बसवणं म्हणजे कसरतच, आणि ती त्या लोकांनी फार कौशल्यानं केली. मराठी छपाई त्यावर वर्षानुवर्षं चालली. अडचण एवढीच की कोणता तुकडा कोणत्या घरात हे प्रत्येकानं आपापलं ठरवलं. त्यामुळे फाइलमध्ये मराठी नसायचीच. फाइलमध्ये असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि त्यावर मराठीचा वेश. बहुरूप्यासारखं. वेश, म्हणजे तो विशिष्ट फाँट, काढून घेतला की खाली नुसता रोमन चिन्हांचा ढिगारा.

आता वहीकडे येते.

मामांनी १९९८ साली आपल्या आठवणी लिहिल्या. मोमिनाबादची शाळा, उर्दूतून शिकलेलं गणित, १९४८ चे दिवस, वाड्यातली माणसं, नंतरची मास्तरकी. ते हस्ताक्षरातले कागद त्यांनी गावातल्या एका डीटीपी सेंटरवर टाइप करून घेतले. छापील प्रत एकच काढली. ती वाचायला म्हणून या घरातून त्या घरात फिरत राहिली आणि फिरता फिरता दिसेनाशी झाली. हस्ताक्षरातले कागद टाइप झाल्यावर रद्दीत गेले. उरली होती फ्लॉपी, आणि नंतर तिच्यावरून केलेली सीडी. २०१६ साली मामा गेले. वर्षश्राद्धाला जमलो होतो तेव्हा कपाटात ती सीडी सापडली. वर पेनानं लिहिलेलं, 'माझे लिखाण'.

उघडली. रोमन चिन्हांचा ढिगारा. चौसष्ट पानं.

मामीनं शेजारी बसून विचारलं, "यात आहे ना गं त्यांचं सगळं?" आहे तर सगळं होतं. एकही अक्षर गेलेलं नव्हतं. फक्त वाचता येत नव्हतं.

डीटीपी सेंटर केव्हाच बंद होऊन तिथे झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्ज सुरू झालेलं. मालक मात्र भला माणूस. त्यांनी माळ्यावरून जुन्या पॅकेजची सीडी शोधून दिली. मी ती माझ्या लॅपटॉपवर चालवली तर 'हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही'. का नाही, ते तो सांगत नाही. सीडी खराब असेल असं सगळ्यांना वाटलं. कारण वेगळंच होतं. त्या काळातले बरेचसे सेटअप १६-बिटी असत आणि ६४-बिटी विंडोज १६-बिटी प्रोग्रॅम चालवतच नाही. कित्येकदा आतला मूळ प्रोग्रॅम चालण्याजोगा असतो, पण त्याला घरात आणणारा सेटअपच दारात अडतो. भाच्याचा एक जुना ३२-बिटी लॅपटॉप होता, त्यावर सेटअप चालला. पुढे पॅकेज म्हणालं, कुलूप कुठाय? तेव्हा चोरून नकला होऊ नयेत म्हणून प्रिंटरच्या जागी लावायचं एक छोटं यंत्र यायचं, ते असल्याशिवाय पॅकेज उघडायचं नाही. ते मालकांनाही सापडलं नाही. आणि सापडून उपयोग काय, त्या लॅपटॉपला ते लावायला भोकच नव्हतं!

मग लक्षात आलं की आपल्याला पॅकेज नकोच आहे, आपल्याला फक्त वेश हवाय. फाँटची एकुलती एक फाइल. सीडी चाळली तर तिथे फाँटच्या फायली दिसेनात. दिसत होत्या त्या फायलींच्या नावाचं शेवटचं अक्षर गायब आणि त्या जागी खाली एक आडवी रेघ. ही खूण ओळखीची होती. एक्सपीच्या आय३८६ मध्येही फायली अशाच असायच्या. दाबून लहान केलेल्या. त्या उलगडायला विंडोजमध्ये 'एक्सपांड' नावाची आज्ञा आहे. काळ्या खिडकीत ती आज्ञा दिली, फाँट मोकळा झाला, फाँटच्या फोल्डरात ठेवला, मामांची फाइल निवडून तो फाँट लावला.

आणि मामा बोलायला लागले. मामी चष्मा लावून वाचत बसली. त्या संध्याकाळी पुढचं काही केलं नाही.

पुढचं काम नंतर पुण्यात दोन महिने चाललं. वेश लावून वाचता येतं, पण तो फाँट नसलेल्या दुसऱ्या कुणाला पाठवलं की पुन्हा ढिगारा. तेव्हा युनिकोडमध्ये आणणं भाग होतं. एक तक्ता केला, कोणत्या चिन्हाचा कोणता तुकडा. मग एका छोट्या प्रोग्रॅमनं अदलाबदल. पण नुसती अदलाबदल पुरत नाही. जुन्या फाइलमध्ये वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवलेली. युनिकोडला ती नंतर हवी. रफार तिथे नंतर, इथे आधी. म्हणजे युनिस्क्राइब जी उचलाउचल करतो ती उलटी करायची. 'वऱ्हाड'मधला तो चंद्रकोरीसारखा 'र' तर वेगळाच हाताळावा लागला, नाहीतर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. आणि 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं तेच मुळी २००८ साली, त्यामुळे त्याच्याही तऱ्हा निराळ्या. शेवटी मी आणि मामेभावानं प्रत्येक पान डोळ्यांखालून घातलं. सात-आठ शब्द असे राहिले की ते मामांचेच की टाइप करणाऱ्याचे हे कळेना. ते तसेच ठेवलेत.

दरम्यान तो चौकोन काळाआड गेला. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आलं, त्यात देवनागरी आपली आपण दिसायला लागली. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ ला संपला. २०१९ पासून विंडोज १० मध्ये उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्याचा कळफलकही आला, ज्यासाठी आपण एके काळी बरहा, गमभन यांच्या पाया पडायचो. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा अभिनंदनाचे जे शेकडो मराठी निरोप आले, ते पाठवणाऱ्या एकालाही काहीही बसवावं लागलेलं नव्हतं.

दासोपंतांची पासोडी तुम्हाला ऐकून माहीत असेल. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी आमच्याच गावात त्यांनी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर 'पंचीकरण' लिहिलं. कापड, शाई आणि अक्षर एकाच जागी. ते वाचायला अक्षरओळख लागते, जुन्या मराठीची सवय लागते, पण आणखी कुणाची परवानगी लागत नाही. मामांची फाइल वीस वर्षांत मुकी झाली होती. सीडी शाबूत होती, फाइल शाबूत होती, पण ती वाचून दाखवणारं पॅकेज, त्या पॅकेजला आत आणणारा सेटअप आणि त्याला उघडणारं कुलूप, या तिघांपैकी एकही जागेवर नव्हता.

असो. हे सगळं लिहिण्यामागे आपल्या घरातल्या मंडळींकडे एक मागणं आहे, आणि ब्लॉगवाल्या दोस्तांनाही ते लागू पडेल. १९९५ ते २००८ या काळात ज्यांच्या घरी कुणी काही मराठीत टाइप करून घेतलंय, मग ती वंशावळ असो, आजीच्या ओव्या असोत, वडिलांचं आत्मवृत्त असो की संस्थेचा इतिहास, त्यांनी त्या सीड्या दिवाळीच्या साफसफाईत टाकू नका. फाइल उघडून 'काहीतरी कचरा आहे' असं दिसलं तरी पुसू नका. ज्यानं टाइप केलं तो माणूस, ते सेंटर अजून असेल तर कोणता फाँट होता तेवढं विचारून ठेवा. फाँटचं नाव कळलं की निम्मं काम झालं. छापील कागद हाती असेल तर त्याचे फोटो आजच काढा.

वन्सं, तुमच्याकडे अण्णांच्या कीर्तनांची एक सीडी आहे असं मागे म्हणाला होतात. तिच्यावर पेनानं काय लिहिलंय तेवढं वाचून कळवा. पुढचं आपण फोनवर करू.